खडकाच्या जागी

३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

वहिनी म्हणून आशीर्वाद आणि त्याच्या आधी एक नमस्कार. नमस्कार कशाचा, ते पत्र संपेपर्यंत कळेल.

कागदावरचं पत्र बघून दचकला असाल. फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी पलंगापर्यंत ऐकू जातं, आणि माझा मोबाईल हेही हाताळतात. म्हणून जेवणाच्या सुट्टीत दुकानातच लिहायला बसले आहे. समोर एका साहेबांच्या कोटाची बाही उसवून पडली आहे. साहेब मधल्या काळात सुटलेत, कोट मात्र होता तेवढाच आहे. तो संध्याकाळी द्यायचा आहे, तेव्हा अक्षर धावलं तर समजून घ्या.

इकडे ठीक. मालकीणबाईंनी नवं मशीन घेतलं. ते जुन्यापेक्षा जास्त कुरकुरतं आणि त्याचा दोष माझ्या पायाला मिळतो. खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत, त्यांचं मांजर आमच्या दाराशी बसून असतं. तुमची नोकरी कायम झाल्याचं कळलं का? तुमचे दादा सारखं विचारतात. म्हणजे मला विचारतात, तुम्हाला विचारायचं टाळतात.

मागच्या रविवारी खेळात जे झालं, त्याबद्दल लिहायचं आहे. तुम्ही म्हणाल, वहिनीला त्यातलं काय कळतंय. बरंच कळतं.

तुम्ही दोघं भाऊ इतकी वर्षं रविवारी दुपारी त्या जादूगार-राक्षसांच्या खेळात भेटता. हे हेडफोन लावून बसले की मी मागे बटणं लावत बसायचे. टँक हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला खरोखरचा रणगाडा वाटला होता. हे हसले. म्हणाले, "टँक म्हणजे पुढे उभा राहून मार खाणारा गडी. बारक्याचा जादूगार मागून आगीचे गोळे टाकतो, पण त्याला एक फटका बसला की तो आडवा. टोळीतल्या मास्तरीणबाई हीलर, त्या जखमा भरून मला जिवंत ठेवतात. मी राक्षसाला इतका डिवचतो की तो दुसऱ्या कुणाकडे बघतच नाही."

"आणि तुम्ही कुणाला मारत नाही?"

"मी मारत बसलो तर मार कोण खाणार?"

त्यांचा खडक, म्हणजे खेळातलं त्यांचं पात्र, तसाच बांधलेला होता. लेव्हल वाढली की मिळणारे पॉइंट सगळे दमात, ताकदीत एकही नाही. तुम्ही चेष्टा करायचा, दादाच्या तलवारीने लोणीसुद्धा कापलं जाणार नाही म्हणून. ते म्हणायचे, सगळ्यातलं थोडं थोडं येणारा माणूस पाहुणा म्हणून बरा, टोळीत नको.

ऑक्टोबरात त्यांचा माइक बिघडला, असं तुम्हाला चॅटमध्ये लिहून आलं होतं.

माइक चांगला आहे, भाऊजी.

त्या आठवड्यात एका इमारतीत लिफ्टचं काम चालू असताना ह्यांच्या हातातला पाना पडला. उचलायला वाकले, तर बोटं मिटेनात. बरोबरच्या मिस्त्रींना काहीतरी सांगायला गेले, तर तोंडातून शब्दांचा नुसता गोळा आला. मिस्त्रींनी वेळ घालवला नाही म्हणून हे आज आहेत. उजवा हात खांद्यापासून गेल्यासारखा. पाय ओढत चालतात. बोलणं मला कळतं, कारण मी दिवसभर ऐकते. परक्या माणसाला कळत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिलं पूर्ण वाक्य काय बोलले असतील? "बारक्याला सांगायचं नाही."

मी भांडले. ते म्हणाले, आईच्या आजारपणात त्याने सगळं सोडलं होतं, आता कुठे त्याचं बस्तान बसतंय. सांगितलंस तर तो पहिल्या गाडीने येऊन बसेल. मी शब्द दिला. आजारी माणसाने मागितलेला शब्द नाकारता येत नाही, आणि दिला की तो आपल्याच गळ्यात अडकतो.

पुढच्या रविवारी तुमचा निरोप आला, दादा ये, सगळे थांबलेत. हे संगणकासमोर जाऊन बसले. डाव्या हाताने माऊस धरला. खडक एकाच जागी गोल गोल फिरत राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून खडक मी खेळत होते.

शेजारी बसून ते सांगायचे, "डावीकडे. ढाल वर. आता डिवच." पण त्यांच्या तोंडून शब्द सुटेपर्यंत आणि तो माझ्या बोटात उतरेपर्यंत राक्षस तुमच्यावर गेलेला असायचा. तुम्ही सुरुवातीला पुष्कळ सांभाळून घेतलंत. नंतर तुम्ही चिडायला लागलात, तशी मी दुपारी लवकर घरी येऊन एकटी सराव करायला लागले. खोटं कशाला बोलू, मला गोडी लागली. बाहीची गोलाई एका दमात शिवताना जशी नजर पुढे ठेवावी लागते, तसंच असतं ते. नंतर नंतर तर ह्यांनी न सांगताच मी वेळेवर डिवचायला लागले होते, आणि एकदा तुम्ही लिहिलंत, "आज दादा परत आला." हे शेजारीच होते. त्यांनी वाचलं आणि पाणी प्यायला उठून गेले.

मग माझ्या हातून घोळ झाला. लेव्हल वाढली होती, पॉइंट घालायचे होते आणि हे झोपले होते. तुम्ही दर खेपेला लिहायचा, "दादा, नुसता उभा काय राहतोस, कधीतरी मारसुद्धा." मला वाटलं, तुम्हाला खूश करावं. घातले सगळे ताकदीत. पुढच्या खेपेचेही तिथेच. एकदा घातलेले परत काढता येत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. उठल्यावर ह्यांनी पाहिलं. म्हणाले, "असू दे. छान धार आली तलवारीला."

राक्षसिणीच्या गुहेत काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या दुसऱ्याच फटक्यात खडक पडला, आणि तो पडल्यावर तुम्ही सगळे. मास्तरीणबाईंनी लिहिलं, होतं असं कधीकधी. आणि तुम्ही लिहिलंत, "खडकात दम राहिलेला नाही. दादा, जमत नसेल तर जागा अडवून बसू नकोस."

माझा हात कीबोर्डवर होता. मी पडदा झाकणार, तोवर त्यांचं वाचून झालं होतं. मला म्हणाले, "बंद कर." एवढंच. दुसऱ्या दिवशी दाढी करून घेतली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. हाताच्या व्यायामाला बाई येतात, त्यांना परत पाठवलं.

तुम्ही ते मला लिहिलं होतंत, भाऊजी. ते सगळं माझ्या खेळाबद्दल होतं आणि मी ते खुशाल ऐकून घेतलं असतं. पण ते त्यांना लागलं, आणि ते माझं आहे असं म्हणून मला त्यांच्याकडून काढून घेता येत नाही.

शब्द मोडून लिहिलं आहे, आणि पहिला नमस्कार इतके दिवस तुमच्यापासून लपवल्याच्या माफीचा. काय करायचं ते तुम्ही ठरवा. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.

कोट वाट बघतो आहे.

तुमची,
वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुकानावरच पाठवतो आहे.

तुमचं पत्र मी हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीत उभा राहूनच वाचलं. रांगेतल्या एका आजींनी काच वाजवली, तेव्हा भानावर आलो. त्यांच्या चिठ्ठीवर रक्त पातळ करायची गोळी होती. ती मी रोज कितीतरी जणांना देतो आणि प्रत्येकाला पाठ केल्यासारखं सांगतो, चुकवू नका, घरच्यांना आठवण करायला सांगा. आजींना सांगायला गेलो आणि मला ते वाक्य पुरं करता आलं नाही.

मला काहीतरी वेगळं वाटत होतं, वहिनी. चॅटमध्ये दादा "थांबा हं" आणि "माफ करा" लिहायला लागला होता. दादाने जन्मात माझी माफी मागितलेली नाही, मागायची वेळही आणली नाही. मी त्याचा अर्थ काय लावला असेल? की त्याला माझा कंटाळा आला. त्याला खेळ सोडायचाय, पण मला वाईट वाटेल म्हणून तो कसाबसा येऊन बसतो. त्या रागात मी ते लिहिलं. त्याने भांडावं, चार शिव्या द्याव्यात, म्हणून लिहिलं. तो भांडला नाही, म्हणून मी आणखी चिडलो आणि त्याच संध्याकाळी खडकाला टोळीतून काढून टाकलं. हे तुम्हाला अजून दिसलं नसेल. आता त्या जागी आमच्याच खात्यातला एक जण येतो. चांगला टँक आहे. तो आल्यावर आम्ही ती गुहा पहिल्याच फेरीत जिंकलो. जिंकल्यावर सगळे लगेच खेळातून बाहेर पडले.

माझी नोकरी डिसेंबरातच कायम झाली. दादाला समोर येऊन सांगायचं म्हणून थांबलो होतो.

शनिवारी येतो आहे. तुम्ही पत्र लिहिलंत असं सांगणार नाही. सहज आलो म्हणेन. तो ओळखेल, पण ओळखलं असं दाखवणार नाही.

गेले दोन दिवस मी एक गोष्ट करतो आहे. एका हाताने खेळता येईल असं पात्र बांधतो आहे. भाट. मागे उभा राहून गातो. त्याच्या गाण्याने टँकची ढाल भक्कम होते, जादूगाराचा मारा वाढतो. त्याला पळापळ नाही, नेम धरायचा नाही. पॉइंट सगळे गाण्याच्या लांबीत घालायचे, म्हणजे एक गाणं सुरू केलं की दुसरं सुरू करायला भरपूर वेळ मिळतो. मी उजवा हात खिशात घालून स्वतः खेळून पाहिलं. जमतं. लोक भाटाला फुकट्या म्हणतात, पण चांगला भाट असलेली टोळी सहसा हरत नाही. डाव्या हाताचा, बाजूला बटणं असलेला माऊस घेतला आहे, तो घेऊन येतो.

एवढं सगळं मला बांधता येतं, वहिनी. दारात दादा दिसल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते जुळत नाही.

तुम्ही खडक वाईट खेळत नव्हता. मी ज्या दिवशी "दादा परत आला" लिहिलं, त्या दिवशी तुम्ही मला तीनदा वाचवलंत.

तुमचा,
भाऊजी


१७ मार्च

बारक्या,

आशीर्वाद. डाव्या हाताचं अक्षर आहे. पहिलीतल्या पोरासारखं दिसेल, पण पहिलीतल्या पोरापेक्षा माझा मजकूर बरा असतो. हे पत्र लिहायला बरेच दिवस लागले. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, लिहिण्याचा सराव करा, कुणाला तरी पत्र लिहा. मग म्हटलं, तुला.

तू आलास ते बरं झालं. मोरीचा नळ अजून गळत नाही. माझी नखं कापलीस, पोटाशी कोट धरून बसलेल्या तुझ्या वहिनीला तू स्वतः चहा करून दिलास, त्या चहात साखर घालायला विसरलास आणि तिने तो मुकाट्याने प्यायला. तुझी नोकरी कायम झाली ते तू सांगितलंस, तेव्हा मला उठून तुझ्या पाठीत एक गुद्दा घालायचा होता. उठायला वेळ लागला, तोवर तू दुसरं काही बोलायला लागलास.

पत्र वहिनीने लिहिलं, हे मी तुला दारात बघितल्याबरोबर ओळखलं. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मग लक्षात आलं की मी बोललो नाही तरी तिला फारसा फरक कळत नाहीये, कारण नाहीतरी मी किती बोलतो. मग सोडून दिलं.

तुझा भाट मी बांधला. तू गेल्यावर, एकट्याने. माऊस चांगला आहे. पण तुझं गणित थोडं चुकलं होतं. सगळे पॉइंट गाण्यात घातले की भाटाची चाल अगदी मंद राहते. टोळी पुढे निघून जाते आणि हा मागे उभा राहून भिंतींना गाणी ऐकवतो. मी निम्मे चालीत घातले. गाणं आखूड झालं, पण ते ज्यांना ऐकू जायला हवं त्यांना जातं. मागे उभं राहिल्यावर पहिल्यांदाच मला सगळी लढाई दिसली. पुढे असताना राक्षसाच्या गुडघ्यापलीकडे काही दिसायचं नाही.

बुधवारी दुपारी खेळतो. तुझ्या टोळीत नाही. अनोळखी लोक आहेत, कुठले कोण मला ठाऊक नाही. मला उशीर झाला की ओरडतात, "भाट, झोपलास का?" मी लिहितो, "हो." ते हसतात, खेळ पुढे जातो. त्यांनी मला आधी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांना काही कमी वाटत नाही.

तू आता त्या नव्या टँकला थांबवून दर रविवारी माझ्यासाठी जागा मोकळी ठेवून बसतोस, हे मास्तरीणबाईंनी वहिनीला कळवलं. तसं करू नकोस. तुमच्यात आता नीट टँक आहे, त्याला खेळू दे.

तू लिहिलेल्या त्या ओळीबद्दल. आलास तेव्हा तू तीन दिवस तो विषय टाळलास आणि मीही टाळला, आणि दोघं नळाबद्दल बोलत राहिलो. ते बरोबर नव्हतं, म्हणून आता लिहितो. तुझा दोष नाही. तुला माहीत नव्हतं, आणि माहीत होऊ नये अशी व्यवस्था मीच केली होती. मी सांगितलं असतं तर तू ते लिहिलं नसतंस. हे मी रोज स्वतःला सांगतो आणि ते खरं आहे. पण ती ओळ मी ज्या दिवशी वाचली, त्या दिवशी सकाळी माझ्या हातातून तिसऱ्यांदा कप पडला होता. त्यामुळे ती ओळ खेळातली आहे, हे मला कळलं तरी ती त्या सकाळीला चिकटून बसली. आता सुटत नाही. तू लिहिलीस, मी वाचली. रागावण्यासारखं त्यात काही नाही, म्हणूनच ती पुसताही येत नाही. रागाची गोष्ट असती तर भांडून मिटवली असती.

तू लहान असल्यापासून मी तुझ्या पुढे उभा राहिलो, रस्ता ओलांडतानासुद्धा. मागे उभं राहून तुला गाणं ऐकवायला मला अजून जमणार नाही. अनोळखी माणसांसाठी जमतं. कधीतरी तुझ्यासाठीही जमेल, पण त्याची वाट बघत बसावी असं मी तुला सांगणार नाही.

एक काम कर. तुझी वहिनी रविवारी दुपारी मशीनपाशी बसते आणि शिवत काहीच नाही. बोटं नुसती टेबलावर चालत असतात. तिला टोळीत घे. विचारशील तर नाही म्हणेल, परत विचार. खडक देऊ नकोस, तिचं स्वतःचं पात्र बांधून दे. आणि हीलर करू नकोस. सगळे बायकांना हीलर करतात, आणि घरात तिचं तेच चाललंय सकाळपासून. तिला धनुष्य दे. दोरा ओवताना तिची नजर बघितली आहेस ना, तिचा नेम चुकणार नाही. पॉइंट कुठे घालायचे ते तिचं तिला ठरवू दे, चुकली तरी.

पत्राला उत्तर लिही. फोन करू नकोस. आलास तेव्हा मी तुला विचारलं होतं, परत कधी जाणार, आणि तू "हो हो" म्हणालास. मग विचारलं, माझ्यावर रागावला आहेस का, तेव्हाही "हो हो" म्हणालास. माझं बोलणं तुला कळत नाही, ते कळेल हळूहळू. तोपर्यंत लिहून बोलू. लिहिलेलं तरी तू परत वाचशील.

तुझा,
दादा